ट्विन पीक्सवाला चेरी पाय पुण्यात करायचाय, चेरी कुठली घेऊ?

भिजकी_छत्री (पुणे)

मंडळी मदत हवीये आणि जरा घाई आहे. आमच्याकडे सध्या दर शनिवारी रात्री चारपाच जण जमून ट्विन पीक्स (ती जुनी अमेरिकन खुनाच्या रहस्याची सिरीयल) बघतोय, मी आणि नवरा दुसऱ्यांदा, बाकीचे पहिल्यांदाच, त्यामुळे प्लीज खुनी कोण ते इथे कोणी लिहू नका, त्यातली एक जण हा धागा वाचणार आहे. पुढच्या शनिवारी पहिला सीझन संपतोय (पायलट म्हणजे पहिला मोठा भाग धरून आठच भाग आहेत) आणि मी सगळ्यांसमोर फुशारकी मारून बसलेय की त्या दिवशी त्यातल्या डबल आर डायनरसारखा (डायनर म्हणजे छोटं हॉटेल) चेरी पाय, म्हणजे मैद्याच्या पारीत चेरीचं सारण भरून भाजतात तो, मी घरी करणार. त्यातला तो एफबीआयवाला कूपर दर भागात असा काही मिटक्या मारत पाय खातो ना की आमच्याकडे सगळे रात्री अकरा वाजता फ्रीज उघडून उभे असतात.

केक, नानकटाई, पाव हे सगळं जमतं मला, पाय कधी केला नाहीये. अडचणी सांगते. एक म्हणजे चेरी. मंडईत सध्या हिमाचल आणि काश्मीरची चेरी खोक्यातून येतीये, चांगली गडद लाल आहे पण गोड आहे, आणि जी रेसिपी उघडावी तिच्यात आंबट चेरी घ्या म्हणून लिहिलंय, ती इथे मिळत नाही. दोन, माझा ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) लहान आहे, वरून भसकन लाल होतो आणि खालून कच्चं राहतं. तीन, या दमट हवेत बटर हातात घेतलं की पाणी होतं. आणि सासूबाई अंडं खात नाहीत, त्यांनाही चाखायचाय, तर अंड्याशिवाय होईल का?

नवरा म्हणतोय एवढा विचार कसला करतेस, केकवर लावतात ती लाल चेरी डब्यात मिळते ती ओत. ओतू का?

खारी_बिस्कीट (ठाणे)

आधी नवऱ्याच्या हातातून तो डबा काढून घे. अगं ती चेरी नाहीच बहुतेक वेळा, ती आपली करवंदं असतात, बिया काढून लाल रंगाच्या पाकात मुरवलेली. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाच, कुठेतरी करोंदा म्हणून सापडेल. टूटीफ्रूटीच्या केकमधे ठीक आहेत पण पायमधे घातलीस तर रंगीत साखर खाल्ल्यासारखं लागेल, शिवाय शिजून रस सुटायला त्यात रसच उरलेला नसतो.

ताजीच चेरी घे. गोड आहे त्याची काळजी करू नकोस, आंबटपणा आपण दुसरीकडून आणायचा. नुसतं लिंबू पिळून भागत नाही, लिंबाचा आंबटपणा वरवर लागतो आणि फळ आपलं गोडच्या गोड राहतं. मी काय करते तर याच दिवसांत आलुबुखार येतात ना बाजारात, लाल सालीचे, ते जरा कडक बघून घेते आणि चेरीत मिसळते. प्लम आणि चेरी एकाच कुळातली, शिजल्यावर रंग मिसळून जातो, साल आंबट असते ती काढायची नाही, आणि प्लममधे पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातला पदार्थ) चांगलं असल्यामुळे सारण दाट व्हायलाही मदत होते. खाणाऱ्याला कळत नाही यात दुसरं फळ आहे म्हणून, फक्त चेरी एकदम चेरीसारखी लागायला लागते.

माप देते, साधारण आठ इंची टिनसाठी. चेरी ७०० ग्रॅम (बिया काढायच्या आधीचं वजन), आलुबुखार २५० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ३० ग्रॅम म्हणजे जवळजवळ चार सपाट टेबलस्पून (पांढरं कॉर्नफ्लोअर, मक्याचं पिवळं पीठ नव्हे), लिंबाचा रस एक टेबलस्पून, चिमूट मीठ. आणि मिळालं तर बदामाचं इसेन्स पाव टीस्पून, त्याच्या वर एक थेंब नको. चेरीच्या बीत आणि कडू बदामात वास एकाच पदार्थाचा असतो म्हणून ते इतकं जुळतं. पण म्हणून बिया फोडून घालायला जाऊ नकोस हं, त्या विषारी असतात.

पारीसाठी मैदा ३०० ग्रॅम, बटर २०० ग्रॅम, साखर एक टेबलस्पून, बर्फाचं पाणी ८० मिली, लागलं तर चमचाभर अजून. नेहमीचं पिवळं खारं बटर वापरणार असशील तर वरून मीठ घालू नकोस. अंड्याचं म्हणशील तर पायच्या पारीत अंडं लागतच नाही, वरून चकाकी यावी म्हणून फासतात तेवढंच, त्याऐवजी दुधावरची साय दुधात फेटून ब्रशने लाव आणि वर जाडी साखर भुरभुर. सासूबाईंना निर्धास्त दे.

रेडमंडकर_रघू (सिएटलजवळ)

अरे वा, आमच्या गावचा धागा! म्हणजे जवळजवळ आमच्या गावचा. तो डायनर खरंच आहे, नॉर्थ बेंड नावाच्या गावात, सिएटलहून पूर्वेला आय-९० हा हायवे धरला की तीसेक मैल. आता नाव ट्वीड्स कॅफे, शूटिंगच्या वेळी मार-टी कॅफे होतं. २००० साली आतून जळला होता, मग २०१७ च्या सीझनचं शूटिंग करायला आले तेव्हा त्या लोकांनी तो पुन्हा सिरीयलमधल्यासारखा करून दिला, तीच काउंटरसमोरची गोल स्टुलं वगैरे. इथे भारतातून कोणाचे आईबाबा आले की मराठी मंडळी त्यांना स्नोक्वाल्मी धबधबा दाखवायला नेतातच, २६८ फूट उंच आहे, सिरीयलच्या सुरुवातीला दिसतो तोच, आणि वर जे ग्रेट नॉर्दर्न हॉटेल दिसतं ते म्हणजे सॅलिश लॉज. तिथून नॉर्थ बेंड अगदी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आम्ही परत येताना पाय खायला थांबतो. माझ्या बाबांनी सिरीयलचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं, पण पाय आणि कॉफी समोर आल्यावर म्हणाले हे बरंय, चहा-खारीपेक्षा जरा जड पण बरंय.

बाहेर आलं की समोर माउंट साय उभा असतो, बहुतेक वेळा अर्धा ढगात. ते वातावरण पुण्यात जून-जुलैत फुकट मिळतंय तुम्हाला, खिडकी उघडी ठेवा फक्त.

एक गंमत सांगतो. आमचं वॉशिंग्टन राज्य चेरीसाठी प्रसिद्ध, पण ती गोड चेरी. बिंग म्हणजे गडद लाल आणि रेनियर म्हणजे पिवळी-गुलाबी, ही रेनियर तर इथेच प्रॉसरच्या संशोधन केंद्रात १९५२ साली तयार केलेली. पायमधली आंबट चेरी मुख्यतः मिशिगनची. म्हणजे कूपरसाहेब वॉशिंग्टनच्या जंगलात बसून जो क्लासिक पाय खातात त्याची चेरी बहुधा देशाच्या दुसऱ्या टोकाकडून आलेली. त्यामुळे तुम्ही हिमाचलची चेरी वापरताय याचं अजिबात वाईट वाटून घेऊ नका.

घुबड_पेठकर (नाशिक)

थोडा किस पाडतो, माफी असावी, पण ट्विन पीक्सच्या धाग्यावर पाडायचा नाही तर कुठे.

सगळे म्हणतात डबल आरचा चेरी पाय, पण कूपर सिरीयलमधे पहिल्यांदा चेरी पायची तारीफ करतो ती डबल आरची नाहीच. पायलटमधे तो गाडी चालवत टेपरेकॉर्डरवर डायनला, म्हणजे त्याच्या सेक्रेटरीला, सांगत गावात येतो ना, तेव्हा तो लॅम्पलायटर इन नावाच्या दुसऱ्याच ठिकाणी जेवून आलेला असतो, बिल ६ डॉलर ३१ सेंट, त्यात ट्यूना सँडविच, चेरी पाय आणि कॉफी. डबल आरची मालकीण नॉर्मा, तिच्या पायची भेट नंतरची. आणि तो प्रवेश २४ फेब्रुवारीचा, म्हणून जगभरचे फॅन २४ फेब्रुवारीला पाय आणि कॉफी करतात. आपल्याकडे फेब्रुवारीत ताजी चेरी कुठली मिळायला, त्यामुळे भिजकी_छत्री यांनी जून निवडला हे शहाणपणाचंच आहे. ज्यांना फेब्रुवारीतच करायचाय त्यांनी आत्ता चेरी घ्या, बिया काढा, ताटात सुट्ट्या पसरून गोठवा आणि मग पिशवीत भरून फ्रीझरमधे टाका.

दुसऱ्या सीझनमधे सिरीयलचा दिग्दर्शक डेव्हिड लिंच स्वतः गॉर्डन कोल म्हणून येतो, कानाला यंत्र लावून सगळ्यांशी ओरडून बोलणारा साहेब, आणि डबल आरमधे वाढणाऱ्या शेलीचं बोलणं मात्र त्याला स्वच्छ ऐकू येतं. समोर अर्थातच चेरी पाय. तो प्रसंग लिंच गेल्यानंतर (जानेवारी २०२५) परत पाहिला तेव्हा मला जरा भरूनच आलं.

तिसऱ्या सीझनबद्दल एक वाक्य, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा. तिथे नॉर्माच्या डायनरच्या शाखा निघालेल्या असतात आणि धंद्यातला भागीदार तिला सांगतो की पायला स्वस्तातलं सामान वापर, तुझा नफा कमी पडतोय, आणि नॉर्मा काही ऐकत नाही. तेव्हा खारी_बिस्कीट यांचं बरोबर आहे, डब्यातली करवंदं म्हणजे त्या भागीदाराची बाजू घेणं झालं.

चेरीवाली_मावशी (मिशिगन)

रघू, आमच्या राज्याचं नाव घेतल्याबद्दल धन्यवाद हो. इथली आंबट चेरी म्हणजे मॉन्टमोरेन्सी, उत्तरेला ट्रॅव्हर्स सिटीच्या आसपास बागाच बागा आहेत, जुलैत तिथे मोठा चेरी फेस्टिव्हल भरतो. ही चेरी दिसायला भडक लाल, आतून पिवळट, आणि इतकी मऊ की ताजी लांब पाठवताच येत नाही, म्हणून बहुतेक सगळी गोठवून, डब्यात भरून किंवा वाळवून जाते. मोसमही अगदी थोडे आठवडे. तेव्हा अमेरिकेतसुद्धा बऱ्याच जणी गोठवलेली किंवा डब्यातलीच वापरतात, भारतात मिळत नाही म्हणून हळहळायचं कारण नाही.

मोठ्या शहरात इंपोर्टेड सामानाच्या दुकानात पाण्यातल्या आंबट चेरीची बाटली कधीकधी दिसते. मिळाली तर छान, पण साखरेच्या पाकातली घेऊ नका आणि तयार पाय फिलिंगचा डबा तर नकोच, त्यात चेरी शोधावी लागते.

आता पद्धत, कारण खारीने माप दिलं पण पद्धत सांगितली नाही. मी इथल्या शेजारणीकडून शिकलेय, सत्तरीची आहे, सगळं अंदाजपंचे करते. बटरचे छोटे तुकडे करून पंधरा मिनिटं फ्रीझरमधे. मैदा आणि ज्यात मळायचं ते भांडंसुद्धा फ्रीजमधे ठेवा, पुण्याच्या हवेत तर नक्कीच. मग मैद्यात बटर बोटांच्या टोकांनी चुरायचं, तळहात लावायचा नाही, आणि पूर्ण चुरायचं नाही, मटारच्या दाण्याएवढे तुकडे दिसले पाहिजेत. करंजीचं मोहन डोक्यातून काढून टाका, तिथे कडकडीत मोहन घालून सगळं एकजीव करतो, इथे बरोब्बर उलटं. हे चिरोट्याच्या जवळचं आहे, बटरचे थर राहिले तर भाजताना त्यातल्या पाण्याची वाफ होऊन पापुद्रे सुटतात. पाणी चमच्या चमच्याने घाला, गोळा कसाबसा जमला की थांबा. मळू नका. दोन चपट्या चकत्या करून गुंडाळून कमीत कमी तासभर फ्रीजमधे, आदल्या रात्री केलं तर आणखी उत्तम.

लाटताना मऊ पडायला लागलं की हट्ट करू नका, पोळपाटासकट फ्रीजमधे ढकला, दहा मिनिटांनी परत घ्या.

खारी_बिस्कीट (ठाणे)

मावशी तुमच्या पद्धतीला +१. मी लिहिणारच होते पण दारात गॅसवाला आला.

सारणाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे, भारतातल्या छोट्या ओटीजीत कच्चं सारण भरू नका. कॉर्नफ्लोअर दाट व्हायला सारण मधोमध उकळलं पाहिजे आणि आपल्या ओटीजीत तोपर्यंत वरची पारीच्या पट्ट्यांची जाळी काळी होते.

चेरीवाली_मावशी (मिशिगन)

अगं पण सगळं आधी शिजवलंस तर त्याचा जॅम होतो ना, फळ तोंडात फुटलं पाहिजे. आमच्या शेजारणीला कळलं तर ती मला घरात घेणार नाही.

खारी_बिस्कीट (ठाणे)

म्हणून मी मधला रस्ता काढलाय. बिया काढलेली चेरी आणि प्लमच्या फोडी साखर-लिंबू लावून तासभर ठेवायच्या, भरपूर रस सुटतो. तो रस तेवढा गाळून घ्यायचा, गार असतानाच त्यात कॉर्नफ्लोअर नीट कालवायचं आणि मग छोट्या पातेल्यात ढवळत उकळायचं. गढूळ पांढरा असतो तो एकदम पारदर्शक आणि घट्ट होतो, झालं. तो त्याच कच्च्या फळांत मिसळायचा आणि पूर्ण गार करायचा. फळ कच्चंच राहिलं, रस मात्र शिजला. गरम सारण पारीत ओतलं तर सगळी मेहनत वाया, बटर तिथल्या तिथे वितळतं.

ओटीजीचं असं कर. सर्वात खालच्या खाचेत अॅल्युमिनियमचा सपाट ट्रे ठेवून २२० वर चांगला वीस मिनिटं प्रीहीट कर, मग पायचा टिन थेट त्या तापलेल्या ट्रेवर. पहिली वीस मिनिटं फक्त खालची कॉइल चालू, मग १९० करून दोन्ही, अजून चाळीसेक मिनिटं. वरून लाल व्हायला लागलं की फॉइलचा कागद सैलसा झाक. काचेचं भांडं नको, फ्रीजमधून काढून तापल्या ट्रेवर ठेवलंस तर तडकेल, साधा अॅल्युमिनियमचा केकचा टिन घे, तळ सुटा असेल तर काढायला सोपं. घड्याळाकडे बघू नकोस, जाळीच्या मधल्या भोकातून सारण जाडसर बुडबुडे काढत रटरटताना दिसलं की झालं.

भिजकी_छत्री (पुणे)

किती छान सांगताय सगळे, वाचनखूण साठवली. आता अजून काही बावळट प्रश्न. बिया काढायचं यंत्र नाहीये माझ्याकडे, सुरीने काढल्या तर चेरीचा चेंदा होतो. जाळी विणायलाच हवी का? आणि पाय सकाळी करून रात्री खाल्ला तर चालेल का, कारण पाहुणे आठला येणार.

रेडमंडकर_रघू (सिएटलजवळ)

बियांसाठी: अरुंद तोंडाची रिकामी काचेची बाटली घ्या, तोंडावर चेरी देठाची बाजू वर करून ठेवा आणि चायनीजबरोबर येते ती चॉपस्टिक वरून खुपसा. बी खाली बाटलीत पडते आणि रसही बाटलीतच उडतो, भिंतीवर नाही. जुना टीशर्ट मात्र घाला. देठं टाकू नका, पार्टीत ज्याला सिरीयलमधल्या ऑड्रीसारखी जिभेने देठाची गाठ मारता येईल त्याला मोठा तुकडा. आमच्याकडे आजवर कोणाला जमलेलं नाही, एकाने हातचलाखी केली होती ती पकडली गेली.

निवांत_नलू (सावंतवाडी)

जाळी हवीच असं काही नाही पण शोभा तीच. करंजीचं कातणं असेल ना घरात, त्याने पट्ट्या काप, नागमोडी कडा येतात आणि दुकानातल्यासारखं दिसतं. विणायला जमत नसेल तर आधी सगळ्या उभ्या पट्ट्या टाक, वरून सगळ्या आडव्या, भाजल्यावर कोण बघतंय खालून गेली का वरून. जाळीचा खरा उपयोग वाफ जाण्यासाठी. मग टिन परत वीस मिनिटं फ्रीजमधे आणि थेट भट्टीत.

सकाळी करणं हेच बरोबर. गरम कापलास तर सगळं वाहून जाईल, कमीत कमी तीन-चार तास गार व्हायलाच लागतात. रात्री वाढायच्या आधी ओटीजीत १५० वर दहा मिनिटं, मायक्रोवेव्हमधे नको, पारी पोळीसारखी चिवट होते. बरोबर व्हॅनिला आइस्क्रीम.

आणि करवंदांना इतकी नावं ठेवू नका रे! डब्यातली वाईट, पण मे महिन्यातली ताजी काळी करवंदं घालून मी असाच पाय करते. चीक जाईपर्यंत धुवायची, शिजवून चाळणीवर घासून बिया काढायच्या, साखर दुप्पट. आंबटपणासाठी दुसरीकडे जायला नको. आता पाऊस लागलाय, यंदाची गेली.

घुबड_पेठकर (नाशिक)

करवंदाचा पाय! नलूताई, पाककृती टाकाच वेगळ्या धाग्यावर, फोटोसकट.

भिजकी_छत्री, कॉफीचं काय ठरवलंय? कूपर काळी पितो, बिनदुधाची. सगळ्यात जास्त घोळ आपल्याकडे तिथेच होतो, पाय जमतो आणि बरोबर दुधाळ इन्स्टंट कॉफी येते.

भिजकी_छत्री (पुणे)

काळीच करणार, चिकमगळूरची पावडर आणलीये, फ्रेंच प्रेस मैत्रिणीकडून उसना आणतेय. सासूबाईंनी मात्र आत्ताच जाहीर केलंय की त्या जायफळ घालून दुधाचीच पिणार आणि त्यांना कोणी शिकवू नये.

आलुबुखार घेऊन आले आज, कडक आणि चांगले आंबट आहेत, एक खाऊन बघितला, डोळे मिटले. पारी शुक्रवारी रात्री करून ठेवते.

निवांत_नलू (सावंतवाडी)

सासूबाईंना माझा पाठिंबा कळव. आणि कातण्याला मैदा लावून घे, नाहीतर पट्ट्या ओढल्या जातात.